झोपेत दात खाणारा माणूस

ताणतणावावर मी बोलणार हे ऐकून घरी बायको हसली. "तुम्ही?" एवढंच म्हणाली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. राहतो कोंढव्यात, नोकरी हिंजवडीत. दर तिसऱ्या आठवड्याला माझी ऑन-कॉल पाळी असायची. रात्री सर्व्हर बंद पडला की फोन वाजतो आणि पंधरा मिनिटांत लॅपटॉप उघडावा लागतो. खरं तर फोन क्वचितच वाजायचा. पण तो वाजेल या धास्तीनं झोप मात्र रोज जायची.

गेल्या वर्षी जबडा दुखू लागला. दातांच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "झोपेत दात खाता का?" दाढा झिजल्या होत्या. मला पत्ताच नव्हता. दिवसा कुणावर दातओठ खात नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. तेही खोटंच. मुलगी चित्र दाखवायला आली की मी खेकसायचो. मग ती आधी विचारू लागली, "अब्बू, फोनवाला आठवडा आहे का?" सहा वर्षांची मुलगी माझं वेळापत्रक पाहून माझ्याशी बोलायची.

"आराम करा," असं सगळेच सांगतात. कसा करायचा, ते कुणी सांगत नाही. शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी यावर १९२९ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: स्नायू ताणलेला आहे हेच आपल्याला कळत नाही, म्हणून तो सोडता येत नाही. आधी ते ओळखायला शिका.

आत्ताच करून पाहू. उजवी मूठ आवळा, पण दुखेपर्यंत नको. पाच सेकंद. आता एकदम सोडा. बोटांत जो फरक जाणवला, तोच लक्षात ठेवायचा. असंच हात, खांदे, पोट, पाय. जिथे दुखणं असेल तो भाग सोडून द्या. जबडा मी आवळत नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, इतकंच. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. पहिले काही दिवस मला यात काहीच जाणवलं नाही. उलट, वेळ वाया जातोय म्हणून चिडचिड झाली. तिसऱ्या आठवड्यात मीटिंगमध्ये बसलो असताना खांदे कानापर्यंत चढलेत हे अचानक लक्षात आलं. मी ते खाली सोडले.

पण दोन माणसांनी चौघांचं काम करायचं आणि वर श्वासाचे व्यायामही करायचे, हे मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'चा संबंध थेट कामाच्या ठिकाणच्या ताणाशी जोडला. आम्ही तिघांनी मिळून साहेबांना मेल लिहिला. एकट्यानं लिहायची माझी हिंमत नव्हती. दोन महिने लागले, पण पाळी आता पाचव्या आठवड्याला येते.

आणि ज्यांना यापलीकडचं ओझं वाटतंय, झोप-भूकच गेली आहे, त्यांनी माझ्यासारख्या इंजिनिअरचं ऐकत बसू नये. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. फोन करा.

रात्री दातांवर प्लॅस्टिकचं कवच मी अजून लावतो. मुलगीही अजून विचारते, फोनवाला आठवडा आहे का. फक्त आता चित्र हातात घेऊनच विचारते.