सवंगडी शोधताना

व्हॅलोरंट या ऑनलाइन खेळात एका बाजूस पाच गडी लागतात, बीजीएमआय या मोबाइल खेळाच्या चमूत चार, आणि खेळाच्या यंत्रणेने आयत्या वेळी जुळवून दिलेले अनोळखी गडी कौशल्याने तुल्यबळ असले, तरी भाषेने, वेळेने व स्वभावाने जुळतीलच अशी हमी नसल्यामुळे (शिवीगाळ हाच ज्यांचा डावपेच, अशांची वानवा नाही!) सवंगडी शोधून देणाऱ्या अ‍ॅपांची गरज उत्पन्न झाली.

२०१५ साली सुरू झालेले डिस्कॉर्ड वस्तुतः संभाषणाचे साधन. तेथे खेळनिहाय सर्व्हरांवर गडी विपुल मिळतात, परंतु त्यांची पारख आपल्यालाच करावी लागते. गेमट्री हे अ‍ॅप मात्र स्वभाव व आवडीनिवडी विचारून जुळणी सुचवते. माझ्या मते खेळ, रँक, भाषा, मोकळा वेळ आणि खेळाच्या सर्व्हरचा प्रदेश यांची चाळणी ज्यात नाही, ते अ‍ॅप निरुपयोगी होय. कारण सर्व्हर दूरदेशीचा असल्यास संदेशवहनातील विलंबाने ऐन चकमकीत घात होतो.

खाते उघडण्यापूर्वी तक्रारीची व उपद्रवी इसमास मज्जाव करण्याची तजवीज आहे काय, हे पाहावे; आणि संपर्कवहीची परवानगी मागितल्यास ती निःसंकोच नाकारावी.