प्रकल्प संपतो, प्रश्न उरतो



गडचिरोली-चंद्रपूरकडे ‘प्रकल्प’ हा शब्द खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. पाटी लागते, जीप येऊ लागते. मुदत संपली की पैसा संपतो आणि जीपही थांबते. अनेक सेवाभावी संस्थांचा कारभार अशा मुदतबंद प्रकल्पांवरच चालतो. मग त्यांचे दूरवरचे धोरण ठरते कुठे? मला वाटते, बैठकीपेक्षा ते संपत आलेल्या प्रकल्पाच्या नोंदवहीत अधिक ठरते.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत सुरू केलेल्या ‘सर्च’चेच पाहा. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू रोखण्यासाठी संस्थेने १९८८ मध्ये प्रयोग सुरू केला. गावातल्या दायांनाही बाळाचे श्वास मोजायला शिकवले. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचे साधे साधन बनवले. मृत्यू घटले. प्रकल्प यशस्वी झाला, असे म्हणून थांबता आले असते.

पण महिन्याच्या आतली बाळे अजूनही दगावत होती. बाळंतपण घरी होई आणि दवाखाना दूर. या उरलेल्या मृत्यूंतून पुढचे काम निघाले. १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांच्या नोंदी घेतल्या गेल्या. १९९५ पासून गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळांची काळजी घेऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात सेवेचे काम ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे देशभर सोपवले. ही दिशा पहिल्या दिवशी कुठल्याही कागदावर नव्हती.

याच्या उलटही घडते. यंदा पाण्यासाठी निधी, म्हणून पाणी. पुढल्या वर्षी बांबूसाठी, म्हणून बांबू. दर वेळी शिकलेली माणसे पांगतात, नोंदवह्या कपाटात जातात आणि संस्था पुन्हा श्रीगणेशा करते. तिचे धोरण मग देणगीदाराच्या अर्जाचा नमुनाच ठरवतो. यात नुकसान गावाचे होते; त्याचा प्रश्न अर्धवट राहतो.

म्हणून संस्थांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात : नोंदी आणि शिकलेली माणसे. देणगीदारांनीही प्रकल्प संपल्यावर नोंदी तपासण्यापुरता वेळ आणि पैसा राखावा. गावकऱ्यांनी तर समारोपाचा हार घालण्याआधी ग्रामसभेत बेधडक विचारावे : आमचे काय करायचे राहिले, आणि ते आता कोण करणार?