साथीचे दिवस आणि मोहल्ल्याची वही



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते कोळशाच्या धुळीत आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे. साथीच्या काळात मोहल्ल्यांतील संघटनांनी काय केले, हा विषय संयोजकांनी पदरात टाकला, तेव्हा आम्ही म्हटले की यावर एखाद्या डॉक्टरांना बोलवा. ते म्हणाले, डॉक्टर रोगाविषयी बोलतील, तुम्ही माणसांविषयी बोला. तेव्हा रोगाविषयी काही चुकीचे बोललो तर सोडून द्यावे, आणि माणसांविषयी चुकलो तर मात्र पकडावे.

आमचे खापरखेडा नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात आहे. तेथे १३४० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, आणि जवळच सिलेवाड्याच्या बाजूस कोळशाच्या खाणी. विजेच्या कारखान्याचे गाव म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे चिमणी येते. आमच्या डोळ्यांपुढे फाटक येते. फाटकाच्या एका अंगाला वसाहत आहे. तिथे क्वार्टरला नंबर, नळाला पाणी आणि आजाऱ्याला दवाखाना. दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या खोल्या आहेत; तिथे कंत्राटदाराचे मजूर राहतात. कोणी भंडारा-गोंदियाचे, कोणी छिंदवाडा-बालाघाटचे, कोणी छत्तीसगडचे, कोणी थेट बिहारातून आलेले. एका खोलीत सहा, कधी आठ. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाची गादी थंड होण्याआधी दुसरा तीवर पडतो. अशा ठिकाणी अंतर राखा म्हणून सांगणारा माणूस आम्हांस फार धीट वाटला.

२०२० साली मार्चच्या शेवटी देश बंद झाला. वीज केंद्र बंद होत नसते. ५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा विजेची मागणी एकदम सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली. लोक अंगणात पणत्या लावीत होते आणि वीज केंद्रांतील मंडळी यंत्रापुढे श्वास रोखून बसली होती. सांगायचे ते एवढेच, की आमच्या गावात घरी बसणे सर्वांना शक्य नव्हते. पाळीवर जाणारा जाणारच होता आणि येताना जे आणील ते घरी आणणार होता.

तेव्हा आम्ही समिती केली. युनियनचे चार जण, गणेश मंडळाची पोरे, बचत गटाच्या बाया, बुद्ध विहारातील मंडळी, मशिदीतले दोघे आणि एक निवृत्त मास्तर. पहिल्या बैठकीत ठरले की धान्य वाटावे, आणि वाटायचे तर यादी हवी. यादी करण्याचे काम आम्ही मोठ्या तोऱ्याने अंगावर घेतले. तीस वर्षे आम्ही याद्याच करीत आलो. वर्गणीच्या, मोर्च्याच्या, संपाच्या. दोन दिवसांत यादी तयार झाली. सुवाच्य अक्षर, अनुक्रमांक, क्वार्टर नंबर. आम्ही ती बैठकीत वाचून दाखवली. वाचून झाल्यावर बचत गटातील एक बाई म्हणाल्या, "भाऊ, याच्यात तर सारे पगारवालेच हाय जी. उपाशी कोन राहते ते कुठं लिवलं?"

भगिनींनो आणि बंधूंनो, आम्ही फाटकाबाहेरच्यांच्या बाजूने भाषणे पुष्कळ केली होती. कंत्राटी कामगाराला कायम करा, ही घोषणा देऊन आमचा घसा बसलेला आहे. आणि प्रसंग आला तेव्हा आमच्या हातून जी यादी निघाली ती सभासदांच्या रजिस्टरातून निघाली. ज्याची वर्गणी नाही त्याचे नाव नाही! ही चूक कोणा साहेबाची नव्हती. ती आमची होती, आणि म्हणून ती येथे सांगितली.

मग नवी यादी करायची ती कशावरून? शिधापत्रिका पाहावी तर परप्रांतीयाची शिधापत्रिका त्याच्या गावी. सरकारने माणशी दर महिना पाच किलो फुकट धान्य दिले, ते मुळात शिधापत्रिकेवर. कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांसाठी वेगळी सोय मे महिन्यात झाली. मतदार यादीत हे लोक नाहीत. कंत्राटदाराचा हजेरीपट मागावा तर तो दाखवीत नाही, आणि दाखवला तरी त्यातील नावे आणि खोलीतील माणसे जुळत नाहीत. अखेर वाट सापडली ती वस्तीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात. दुकानदाराची उधारीची वही! कोण कोणत्या खोलीत राहतो, घरात खाणारी तोंडे किती, कोणाकडे तान्हे मूल आहे, कोणी आठ दिवस तेल नेलेले नाही, हे सर्व त्या वहीत होते. दुसरी वही खानावळवाल्या बाईंची, पण ती कागदाची नव्हती, त्यांच्या डोक्यात होती. कोणाचा डबा परत आला, कोणी अर्धी भाकर टाकली, हे त्यांना सांगता येई. या दोघांच्या आधारे आम्ही गल्लीगल्लीने फिरून नवी वही लिहिली. पुढे दीड वर्ष जे काही काम झाले ते त्या वहीवर झाले. धान्य हे त्यातले सोपे काम. धान्य द्यायला दातेही मिळतात आणि फोटो काढणारेही.

कठीण काम होते आजारी माणूस ओळखण्याचे. त्यात आमच्या गावाची एक अडचण निराळीच. वीज केंद्राच्या राखेमुळे आमच्याकडे खोकला ही बातमी नव्हे. कोराडी-खापरखेडा परिसरातील हवा-पाण्यावर २०२१ साली काही संस्थांनी मिळून अहवाल काढला. तो पुढे वाचला, पण अंगणातील तुळशीवर हात फिरवला तरी बोटाला राख लागते हे वस्तीला आधीच ठाऊक होते. आमची पोरे दारोदार जाऊन विचारीत, खोकला आहे का? उत्तर मिळे, "तो त घरचाच पाहुना हाय. कोनता खोकला पाह्यजे तुमाले?" यावर हसावे की रडावे! मग आम्ही खोकल्याचे विचारणे सोडून दिले. वर्गणी काढून बोटाला लावायची प्राणवायू मोजण्याची यंत्रे आणली आणि आशा सेविकांच्या हाताखाली आमच्या पोरांना ती वापरायला शिकवले. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम आली, तेव्हा त्या आशाताईंबरोबर फिरायला आमच्याकडे वही तयार होती.

तरी माणसे लपतच होती. एका खोलीत एक तरुण मजूर पाच दिवस तापाने पडून होता आणि खोलीतले सारे जण, तो पाळीवर गेला आहे, असे सांगत होते. खानावळवाल्या बाईंमुळे कळले. आम्ही रागावलो. तो म्हणाला, "नाव लिवलं का चौदा दिवस गेले, भाऊ. चौदा दिवसाची रोजी कोन देते? तुमी देता?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. केंद्र सरकारने २९ मार्च २०२० रोजी हुकूम काढला होता की बंदीच्या काळात मजुरी कापू नये. तो हुकूम १८ मेपासून उठला. म्हणजे आमच्या वस्तीत रोग येऊन पोचला तेव्हा मजुरी वाचवणारा हुकूम निघून गेलेला होता.

त्या दिवसापासून आम्ही रोग्याशी बोलण्याआधी कंत्राटदाराशी बोलू लागलो. चौदा दिवसांनी माणूस परत आला तर त्याची जागा कायम राहील, एवढे तरी लिहून द्या. काहींनी दिले, काहींनी तोंडी दिले, एकाने फाटकावरून परत पाठवले. मजुरी फार थोड्यांनी दिली. उरलेल्यांच्या घरी समितीने चौदा दिवसांचा शिधा पोचवला, आणि दुकानदाराने त्या दिवसांच्या उधारीचा तगादा लावला नाही. ही व्यवस्था झाली आणि महिन्याभरात माणसे स्वतः येऊन सांगू लागली, "भाऊ, माहं नाव लिवा." रोग लपवणारा माणूस अडाणी असतो असे शहरातील सुशिक्षितांना वाटते. आमचा अनुभव असा, की तो हिशेबी असतो, आणि त्याचा हिशेब बहुधा बरोबर असतो.

हे काही आजचे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा रँडसाहेबाचे सोजीर घरांत शिरून रोगी शोधीत होते; लोकांनी रोगी लपवले, प्रेते लपवली, आणि शेवट काय झाला हे आपण शाळेत शिकलो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्चला गेल्या. त्याच्या महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनेच गेले. आपण रविवारी सुट्टी घेतो, ती १८९० साली मिळवून देणारे हेच लोखंडे. १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारेही तेच. प्लेगपीडितांच्या मदतीत ते गुंतलेले होते. आम्हां युनियनवाल्यांना त्यांची सुट्टी आठवते, मरण आठवत नाही. आणि १८९७ चा जो साथरोग कायदा सोजिरांच्या हाती होता, तोच २०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला. कायदा तोच होता. या वेळी दार वाजवणारी बहुधा शेजारची आशाताई असे, आणि तिला लोक दार उघडीत.

इतर ठिकाणची कामे आम्ही वाचून जाणतो. धारावीत अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसे. पहिला रोगी १ एप्रिल २०२० ला निघाला आणि साऱ्यांनी आशा सोडली. तिथे महापालिकेच्या जोडीला गल्लीतले खासगी डॉक्टर घरोघर फिरले. ज्याच्याकडे आपण नेहमी सुई घ्यायला जातो तोच दारी आला. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्तदान व प्लाझ्मादान ठेवले. गिरणगावाची रीत त्यांनी राखली.

२०२१ चा एप्रिल मात्र आम्हांस बोलवत नाही. नागपूर जिल्ह्यात एकेका दिवशी सात हजारांहून अधिक रोगी निघत होते. खाटा नव्हत्या. परळीच्या वीज केंद्रातील प्राणवायूचे यंत्र काढून अंबाजोगाईच्या इस्पितळात नेऊन बसवले, ही बातमी ऐकून वीज कामगार म्हणून आमची छाती भरून आली. पण आमच्या वस्तीतील माणसाला रिक्षात घालून आम्ही एका रात्रीत चार दारे फिरलो आणि चारही बंद होती. तो राखेच्या नळांवर काम करणारा कंत्राटी मजूर. पहाटे खोलीवर परत आणला, सकाळी गेला. त्याची तपासणी झालीच नव्हती. रांगेतला नंबर दुसऱ्या दिवशीचा होता.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले. त्याच्या बायकोचा अर्ज आमच्या पोरांनी मोबाइलवर भरला. कागद मागितला तो तपासणीचा. आमच्याजवळ वही होती. तारीखवार ताप, प्राणवायूचा आकडा ९१, मग ८६, मग ७९, आणि खाली आशाताईंची सही. ती घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी ती शेवटपर्यंत चाळली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "तुमचे काम चांगले आहे हो, पण ही खासगी वही झाली."

त्या बाई आता खानावळीत पोळ्या लाटतात. थोरली मुलगी या वर्षी दहावीला बसली आहे. आम्ही दोनदा अपील केले, दोन्ही वेळा कागद त्याच शेऱ्यासह परत आला. तिसऱ्यांदा जाताना वहीबरोबर दुकानदाराची उधारीची वहीही नेणार आहोत. त्या आठवड्यात त्यांच्या नावावर मोसंबी, ग्लुकोज आणि तापाच्या गोळ्या लिहिलेल्या आहेत. चालेल की नाही ठाऊक नाही. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा आम्ही येथे थांबतो.