आईच्या कार्डावरचं ‘ओ’
(महिला सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पावसाळ्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी एका आईला भेटले. मुलगा दीड वर्षाचा. मान धरत नाही, हाक मारली तरी वळत नाही. बाळंतपण दवाखान्यातच झालं होतं. पण घरी दोन लेकरं, जीप परत निघालेली, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच ती निघाली. कोणी थांबवलं नाही. तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेना, नुसतं झोपून. गळ्यात काविळीची माळ घातली. पाचव्या दिवशी मोठ्या दवाखान्यात बाळाचं रक्त बदललं, पण कावीळ मेंदूपर्यंत पोचली होती.

तिचं कार्ड मी पाहिलं. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. बाळाचा बी.

आपण निगेटिव्ह गटाला घाबरतो, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन आहे. पण ‘ओ’ गटाच्या आईच्या रक्तात ए आणि बी गटांविरुद्धची प्रतिद्रव्यं आधीपासूनच असतात. ती वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणून हे पहिल्या बाळालाही होतं, आणि याला तसं इंजेक्शन नाही. बहुतेक बाळांना फार त्रास होत नाही. ज्या थोड्यांना होणार, ती ओळखायची कशी?

जन्मताच नाळेतलं रक्त घेऊन गट, कूम्ब्स चाचणी आणि बिलिरुबिन पाहता येतं. कूम्ब्स पॉझिटिव्ह आली तर जोखीम जास्त; निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नये. खरी खूण वाढीचा वेग. म्हणून बिलिरुबिन पुन्हा मोजून आकडा बाळाच्या वयाच्या तासांशी ताडतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला 20व्या तासाला 10 म्हणजे धोका; चौथ्या दिवशी तोच आकडा बहुधा साधा. पहिल्या 24 तासांतली कावीळ मात्र कधीच साधी नाही. सावळ्या कातडीवर पिवळेपणा लपतो. डोळे, हिरड्या पाहा.

वेळीच कळलं तर बहुतेक वेळा निळ्या दिव्याखाली ठेवून भागतं. 1956 साली इंग्लंडात रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड यांना उन्हात ठेवलेल्या बाळाची कावीळ फिकी पडलेली दिसली, त्यातून हा उपचार निघाला. (म्हणून घरी उन्हात धरून चालतं असं नाही, हे दर वेळी सांगावं लागतं.)

दवाखान्यात प्रसूती झाली की आशाताईंची पहिली घरभेट तिसऱ्या दिवशी. अशा बाळाला ती उशिराची ठरू शकते. आम्ही यंत्र मागत नाही. ‘ओ’ गटाच्या आईला दोन रात्री थांबता यावं, एवढंच: घरी लेकरांपाशी कोणी, सोबतीणीचं जेवण, परतीची जीप. पुढच्या महिन्यात आमच्या यादीतल्या सहा बाया बाळंत होतील. दोघींच्या कार्डावर ‘ओ’ आहे.