कमानीची उसळी



ग्वाल्हेरच्या मंडळींनी एका गाडीविषयी ऐकले असेल. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची सुमारे ६२० मैलांची कसोटी झाली. घाट चढून-उतरून तीत जिंकलेली रोल्स-रॉइस 'सिल्व्हर घोस्ट' पुढे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणत तिला. अशा गाड्यांच्या इंजिनाची वाहवा पुष्कळ झाली. मी मात्र आज चाकांजवळच्या एका दुर्लक्षित भागाविषयी बोलणार आहे.

मोटारीच्या पाट्यांच्या कमानी बग्गीतूनच आल्या. चाक खड्ड्यात गेले की कमान दबते आणि धक्का गिळते. पण गिळलेले ती परतही करते, आणि गाडी झुलत राहते. घोड्याच्या चालीला हे खपून गेले. मोटारीच्या वेगाला खपेना. 'शॉक ॲब्सॉर्बर' हे नाव, माझ्या मते, फसवे आहे. धक्का शोषते कमान. हे यंत्र फक्त उसळीतला जोर उष्णतेत घालवून तिला शांत करते.

फ्रान्समधल्या ट्रुफो यांच्या कल्पनेवर अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी धंदा उभारला. कात्रीसारखे दोन बाहू, सांध्यात एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या, आवळायला स्क्रू. खोट अशी, की थांबलेली चकती हलवायला जोर अधिक लागतो. म्हणून बारीक खडबडीत ती अडूनच बसे आणि मोठ्या खड्ड्यात, एकदा सरकली की, विरोध वाढवीत नसे. हवे होते नेमके उलटे. ते तेलाने साधले. तेल बारीक वाटेतून जितक्या वेगाने रेटावे तितके ते अधिक अडते. फ्रान्सच्याच मोरिस हूडाय यांचे तेलाचे यंत्र पुढे १९२८च्या साध्या फोर्ड 'मॉडेल ए'लाही बसले.

पण आराम मोजायचा कसा? रोल्स-रॉइसने यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. उघड्या तोंडाचे भांडे पाण्याने भरून गाडीत ठेवायचे, मोजलेला एक मैल निरनिराळ्या वेगांनी जायचे, आणि किती पाणी सांडले ते पाहायचे. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या आपल्या आज्यांना ही परीक्षा नवी वाटली नसती! शिवाय आख्खी गाडी वरून टांगून झुलवीत आणि तिचे जडत्व मोजीत.

एवढे करूनही इंग्लंडात पसंत पडलेली गाडी अमेरिकेत नापसंत होई. दोष तिथल्या रस्त्यांना देणे सोपे होते. पण रस्ते वाईट नव्हते. त्यांच्यातल्या लाटांचा आकार वेगळा होता, हे हळूहळू ध्यानात आले. घरची कसोटी परमुलखात पुरत नाही, हे आपणा स्थलांतरितांच्या नातवंडांना कोणी सांगायला नको.

रोल्स-रॉइसचेच मॉरिस ऑली १९३०मध्ये कॅडिलॅककडे गेले. १९३२मध्ये त्यांनी एका लिमोझिनला पुढे-मागे सरकवता येणारी वजने लावली. उपकरणे नव्हती, वजने हलवायची, बसायचे, आणि कशात बरे वाटते ते एकमेकांना विचारायचे. त्यातून उत्तर निघाले, की पुढच्या कमानी मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. खड्डा पुढच्या चाकांना आधी लागतो. मागची बाजू थोडी भरभर झुलली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी समतल राहते. तोवरची रीत याच्या उलट होती, कारण पुढचा अखंड आस मऊ कमानींवर थरथरू लागे. म्हणून तो आसच काढावा लागला, आणि १९३४च्या कॅडिलॅकची पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे खाली-वर होऊ लागली.