दोन जंगलांमधली जमीन



महाराष्ट्रात वाघ वाढले, याचा आनंद मानायलाच हवा. पण वाढलेल्या वाघांनी राहायचं कुठे? नर बछडा दोनेक वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो आणि स्वतःचा इलाखा शोधत निघतो. तो निघतो जंगलातून आणि पोचतो आपल्या शेतात.

टिपेश्वरचा 'वॉकर' आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यातलं हे अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथल्या या नराला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली, म्हणून त्याचा माग राहिला. विदर्भ, मराठवाडा, तेलंगणा पालथा घालत तो वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊएक महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर! चाल मुख्यतः रात्रीची, नाल्यांच्या आणि शेतांच्या कडेकडेने. ज्ञानगंगेत त्याला शिकार मिळाली. वाघीण मात्र नव्हती.

अशा वाटा पुरत्या बंद झाल्या की काय होतं, ते ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये दिसतं. तिथल्या काही वाघांचे काळे पट्टे इतके पसरलेले आहेत, की वाघच काळा दिसतो. पाहणाऱ्याला त्याचं अप्रूप वाटतं. मात्र यामागे एका जनुकातला बदल आहे, आणि बाहेरचं रक्त न मिळणाऱ्या छोट्या समूहात तो पसरला, असं २०२१ च्या संशोधनाने दाखवलं. आज रंग बदलला. उद्या असाच एखादा घातक दोषही पसरू शकतो.

मग या वाटा तोडणारे रस्तेच बांधायचे नाहीत का? तसं मी म्हणत नाही. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. न्यायालयात बराच वाद झाल्यावर महाराष्ट्राच्या हद्दीत त्याखाली प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले गेले, पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटरपर्यंत रुंद. वरून ट्रक धावतात, खालून चितळं जातात, रानकुत्री जातात. वाघही जातात, कॅमेऱ्यांनी ते टिपलं आहे. म्हणजे हे जमतं. फक्त आराखड्यातच जमवावं लागतं.

पण पुलाखालून सुखरूप सुटलेला वाघ पुढे शेतातच शिरतो. 'जय' नावाच्या वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात वीज सोडलेल्या कुंपणाला लागून मेला. त्याच्या गळ्यातही कॉलर होती. असा करंट शेतकरी सोडतो तो बहुधा रानडुकरांसाठी, हातातोंडाशी आलेलं पीक वाचवायला. तो गुन्हा आहेच. पण एका रात्रीत धान लोळवलं गेलेल्या माणसाला फक्त कायद्याचं कलम वाचून दाखवलं, तर तो ऐकणार नाही.

दोन अभयारण्यांमधली जमीन वनखात्याची कमी आणि शेतकऱ्याची जास्त. तेव्हा पिकाचा पंचनामा वेळेत होणं, भरपाई हंगाम उलटण्याआधी हाती पडणं, सौर कुंपणाला अनुदान मिळणं, ही कामं कृषिखात्याची किंवा तहसील कार्यालयाची म्हणून बाजूला सारू नका. व्याघ्रसंवर्धनाच्या खर्चात ती पहिल्या ओळीत हवीत.