दातातली पोस्ट: लोखंडाची की फायबरची?

गेल्या वर्षी एका बचत गटाच्या बैठकीत दातांवर बोलायला गेले होते. तिथल्या एका काकूंच्या समोरच्या दाताचं रूट कॅनाल झालं होतं. कॅप कापूस विकल्यावर बसवू म्हणून थांबल्या, तोवर दात तुटून हिरडीवर थोडासाच उरला. डॉक्टरांनी आता पोस्ट टाकावी लागेल असं सांगितलं होतं. काकू मला म्हणाल्या, "मॅडम, टाकायचीच तर लोखंडाची टाका ना, जन्मभर हालायला नको."

रूट कॅनालमध्ये मुळातली नस काढून ती पोकळी भरतात. वरचा दात फारच तुटला असेल तर त्याच पोकळीत एक बारीक काडी सिमेंटने बसवतात. तिच्यावर खुंट बांधायचा आणि खुंटावर कॅप. ही काडी म्हणजे पोस्ट. ती खुंटाला धरून ठेवते, दात काही मजबूत करत नाही. दाढेला तर बरेचदा तिची गरजही नसते.

आता काकूंचं म्हणणं. काढून टाकलेल्या दातांत वेगवेगळ्या पोस्ट बसवून त्या यंत्राखाली दाबून पाहतात. अशा बऱ्याच चाचण्यांत ओतीव धातूच्या पोस्टने जास्त भार सोसला, म्हणजे काकू अगदीच चुकल्या नव्हत्या. पण मी तुम्हाला दुसरं विचारते: मोडलं तर काय मोडतं? सरपण फोडताना लोखंडी पाचर कधी तुटते का? फाटतं ते लाकूड. स्टील दातापेक्षा साधारण १० पट ताठ असतं. चावताना धातूची पोस्ट वाकत नाही, सगळा जोर मुळावर जातो. मूळ उभं चिरलं की दात काढण्याशिवाय इलाज नाही. काचतंतूंची म्हणजे फायबरची पोस्ट दाताबरोबर थोडी लवते. ती बिघडली तर बहुधा सुटते किंवा वरचा खुंट मोडतो, मूळ वाचतं आणि पुन्हा काम करता येतं. झिर्कोनियाची पोस्ट पांढरी, दिसायला छान. पण तीही फार ताठ, आणि काढायची वेळ आली तर मोठी कटकट.

तरी फायबर म्हणजे जादू नाही. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर चांगल्या दाताची कड उरली पाहिजे. बैलबंडीच्या चाकाला धाव जशी आवळून धरते, तशी कॅप त्या कडेला धरते. ती कडच नसेल तर कुठलीही पोस्ट फार काळ टिकत नाही. म्हणून रूट कॅनालनंतर कॅपला महिनोन् महिने लावू नका. त्या काळात तुटते ती हीच कड. डॉक्टरांना विचारा, "माझी कड किती उरली?" खाजगीतला खर्च झेपत नसेल तर सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयातही चौकशी करून पाहा.

काकूंची कड तीन बाजूंनी दोन मिलिमीटर निघाली, एका बाजूला जेमतेम एक. फायबरची पोस्ट बसवली, वर कॅप. अजून शाबूत आहे. शेंगा त्या दाताने फोडायच्या नाहीत, हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही.